ब्रेसेस आणि जबड्याच्या ऑपरेशननंतर तोंड पहिल्यासारखं उघडतं का, नीट चावता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझी आई आठवली, तिनंपण डॉक्टरांना अगदी हेच विचारलेलं. तुमची मुलगी १९ वर्षांची, खालचा जबडा पुढं आलाय, डॉक्टर म्हणतात आधी दीड वर्ष ब्रेसेस, मग ऑपरेशन, मग परत थोडे महिने ब्रेसेस. आणि तुमचं म्हणणं असं की चेहरा छान दिसेल हे सगळेच सांगतात, पण नंतर तिचं तोंड नीट उघडणार का, भाकरी चावता येणार का, जबडा कायमचा आखडून तर बसणार नाही ना, हे कोण सांगत नाही. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजायचं माप, असतो. पाच वर्षांपूर्वी माझे दोन्ही जबडे सरकवलेत, वरचा ४ मिलीमीटर पुढं आणि खालचा ५ मागं. त्यामुळं माझ्या तोंडात काय झालं ते, आणि त्या निमित्तानं डॉक्टरांकडून, फिजिओ मॅडमकडून जे समजून घेतलं, वाचलं, ते सांगतो.

घाईत असाल तर एवढंच वाचा, तोंड उघडतं, चावता येतं, पण लगेच नाही आणि आपोआप तर नाहीच. हाड सरकवायचं काम डॉक्टर तीन-चार तासांत करतात, जबड्याची चाल बसायला मात्र वर्ष जातं आणि ते काम घरी आपणच करायचं असतं.

आता जबडा चालतो कसा ते आधी बघू, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं ऐकीव राहतं. कानाच्या भोकापुढं जो छोटा उंचवटा असतो त्याच्या जरा पुढं बोट ठेवा आणि हळूहळू तोंड उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरतंय असं वाटेल, आणि अर्ध्याच्या पुढं गेलं की तेच पुढं सरकतं आणि बोटाखाली खळगा पडतो. म्हणजे पहिले २० ते २५ मिलीमीटर जबडा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि त्यानंतर ड्रॉवर ओढल्यासारखा पुढं घसरतो. सांध्यात एक चिवट चकती असते, ती पण त्याच्याबरोबर सरकते. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलीमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांत मावली तर ठीक असं डॉक्टर बघतात. शिवाय जबडा दोन्ही बाजूंना आठ-दहा मिलीमीटर सरकतो आणि थोडा पुढंपण जातो. चावताना ह्या सगळ्या हालचाली एकदम चालू असतात, नुसतं वर-खाली नसतंय ते.

उल्फ पोसेल्ट नावाच्या स्वीडिश दंतवैद्यानं १९५२ साली ह्या सगळ्या हालचालींची हद्द आखली. खालच्या पुढच्या दाताचं टोक जास्तीत जास्त कुठं कुठं जाऊ शकतं ते बाजूनं रेखाटलं तर वाकड्या केळासारखी एक आकृती मिळते. मला ही आकृती लई आवडली कारण आम्ही रोज असलीच ड्रॉइंग बघतो. त्यात एक गोष्ट अशी की आकृतीची वरची कड दात ठरवतात, म्हणजे दात कुठं टेकतात, एकमेकांवरून कसे घसरतात त्यावर ती असते, आणि मागची-खालची कड सांधा, स्नायू आणि सांध्याचे बंध ठरवतात. हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. ब्रेसेस आकृतीची वरची कड बदलतात. ऑपरेशननंतर अख्खी आकृतीच काही महिने आक्रसते आणि मग व्यायामानं परत मोठी होते.

माझ्याबद्दल सांगायचं तर लहानपणापासून खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढं होते, तीनेक मिलीमीटर. पुढच्या दातांनी मला काही तोडता यायचं नाही. पेरूचा घास नाही, चपातीचा नाही. भाकरी हातानं तोडून सरळ दाढेत. भाजलेलं कणीस मी अंगठ्यानं दाणे काढून खायचो आणि मित्रांना वाटायचं ह्याची आवड आहे तसली. डाव्या बाजूच्या दाढापण उलट्या बसायच्या, वरच्या आत आणि खालच्या बाहेर.

ब्रेसेस लावायच्या आधी डॉक्टरांनी माझ्या हनुवटीवर पेनानं एक ठिपका काढला आणि शेंगदाणे खायला देऊन मोबाईलवर समोरून व्हिडिओ घेतला. नीट जबडा असणाऱ्या माणसाचा ठिपका चावताना खाली जातो, ज्या बाजूनं चावतोय तिकडं बाहेर जातो आणि तिथून वर आत येतो, पाण्याच्या थेंबासारखं वळण होतं. माझं उजवीकडं चावताना नुसतं वर-खाली, कोथिंबीर चिरल्यासारखं, आणि डावीकडं चावताना वळण चक्क उलट्या दिशेनं. उलट्या बसलेल्या दाढांमध्ये हे बऱ्याच वेळा दिसतं असं ते म्हणाले, कारण खालची दाढ बाहेर असल्यामुळं तिला बरोबर जागी यायला दुसऱ्याच वाटेनं यावं लागतं. बावीस वर्षं रोज तीन वेळा जेवलो आणि माझा जबडा उलटा फिरतोय हे मला माहितीच नव्हतं. मोठ्या सेंटरमध्ये खालच्या दाताला छोटं चुंबक चिकटवून मशीननं ही वाट नोंदवतात, पण ठिपका आणि मोबाईलवरपण बरंच कळतं. तुमच्या मुलीचा असा व्हिडिओ आत्ताच काढून ठेवा.

ब्रेसेसचा काळ. हा माझा १६ महिने चालला आणि ह्याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑपरेशनच्या आधीचे ब्रेसेस दात सुधारल्यासारखे दिसावेत म्हणून नसतात. जबडा पुढं असला की वर्षानुवर्षं दात आपलं आपण जुळवून घेतात, खालचे आत कलतात आणि वरचे बाहेर, आणि ब्रेसेस पहिल्यांदा ती तडजोड काढून टाकतात, दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतात. त्यामुळं माझं ३ मिलीमीटरचं अंतर साडेसहा झालं. आरशात दिवसेंदिवस वाईट दिसतंय आणि चावायला पहिल्यापेक्षा कमी दात टेकतायत अशी अवस्था होती. जबड्याला मिटल्यावर बसायला पक्की जागा राहत नाही, तो शोधत बसतो, कधी जरा उजवीकडं, कधी पुढं. संध्याकाळी कानशिलं दमायची. प्रत्येक वेळी तार बदलली की दोन-तीन दिवस दात दुखतात, कारण दाताभोवतीचे जे तंतू मेंदूला सांगतात की किती जोरानं चावतोय तेच दुखावलेले असतात, मग स्नायू आपोआप हात आखडता घेतात. आमटी-भात, शिरा, मऊ खिचडी. तुमची मुलगी ह्या काळात म्हणेल की आधीच बरं होतं. तिला आधीच सांगून ठेवा की असं होणार आहे.

एक मात्र, ब्रेसेसमुळं जबड्याचा सांधा बिघडतो म्हणणारे लोक भेटतील आणि ब्रेसेसनं सांध्याचं दुखणं हमखास जातं म्हणणारेपण भेटतील. अभ्यासात दोन्हीपैकी काही सिद्ध झालेलं नाही. सांधा आधीपासून कटकट वाजत असेल, दुखत असेल, मध्येच अडकत असेल तर ते ब्रेसेस लावायच्या आधी सांगायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं.

आता ऑपरेशन. खालच्या जबड्याचं हाड तोंडाच्या आतूनच, शेवटच्या दाढेच्या मागं उभं चिरतात, दोन फाकी एकमेकींवरून सरकतील असं, मग दातांचा भाग मागं घेतात आणि सांध्याकडचा तुकडा आपल्या खोबणीतच ठेवतात. ऑस्ट्रियाचे सर्जन ओबवेगेसर यांनी त्यांचे गुरू ट्राउनर यांच्याबरोबर १९५७ साली ही पद्धत इंग्रजीत छापली, नंतर त्यात सुधारणा होत गेल्या. पूर्वी हाड जुळेपर्यंत दोन्ही जबडे तारेनं घट्ट बांधून सहा आठवडे बंदच ठेवायचे, आणि इतके दिवस न हललेला सांधा, स्नायू आखडायचेच. आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू लावतात म्हणून लवकर हलवता येतं. पण सांध्याकडचा तुकडा कितीही जपला तरी एखाद-दुसरा अंश इकडं-तिकडं फिरतोच, चावायचा मोठा स्नायू हाडावरून थोडा सोडवलेला असतो, आत सूज असते, आणि त्यात वरचे-खालचे दात एकमेकांना धरून ठेवायला रबर लावलेले असतात. मग तोंड उघडणार कसं. ही भीती तुमची खरी आहे, पहिले काही आठवडे तोंड खरंच उघडत नाही.

मी एक प्लॅस्टिकचा वेगळा व्हर्निअर घेतला, स्पिरिटनं पुसून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये मोजायचो आणि कॅलेंडरवर लिहायचो. ऑपरेशनच्या आधी ४७. आठव्या दिवशी डॉक्टरांनी रबर काढले तेव्हा ११. चार आठवड्यांनी १८. दोन महिन्यांनी २६, तीन महिन्यांनी ३३, सहा महिन्यांनी ४०, वर्षानं ४४ आणि आज ४५. हे माझे आकडे आहेत, तुमच्या मुलीचे वेगळे येतील, पण आकडा कसा चढतो त्याचा अंदाज यावा म्हणून दिले. आणि मोजताना एक लक्षात ठेवा, दात मिटल्यावर वरचे-खालचे एकमेकांवर जेवढे चढतात तेवढं त्यात मिळवलं तरच जबडा खरा किती उघडला ते कळतं, कारण ऑपरेशननं ते चढणंच बदललेलं असतं, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच चुकते.

चार आठवड्यांनंतर मी कामावर रुजू झालो आणि व्यायाम सोडला. दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तोंडाचा व्यायाम करत बसायचं जिवावर यायचं. सहाव्या आठवड्यात मोजलं तर १९. दोन आठवड्यांत फक्त एक मिलीमीटर. फिजिओ मॅडमनी कानापुढं बोट ठेवायला सांगितलं, तोंड उघडल्यावर खळगा पडतच नव्हता, म्हणजे बिजागरी चालू होती पण ड्रॉवर बंद. त्या म्हणाल्या आत्ता हलवला नाहीस तर आतलं मांस असंच घट्ट होत जाईल आणि मग हे मिळवायला दुप्पट त्रास.

त्या दिवसापासून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. प्रत्येक काडी बरोबर २ मिलीमीटरची, मी मोजलीय. आधी कोमट ओला टॉवेल दोन्ही गालांवर दहा मिनिटं, मग नऊ काड्यांचा गठ्ठा पुढच्या दातांमध्ये, अर्धा मिनिट धरायचा, काढायचा, परत. जेव्हा नऊ सहज जायला लागल्या तेव्हा मधोमध दहावी सरकवायची, दुखेपर्यंत नाही, ताण येईपर्यंत. दिवसातून पाच वेळा. आरशावर मी मार्करनं एक उभी रेघ मारली होती आणि त्या रेघेवर हनुवटी ठेवून सरळ उघडायचा सराव करायचो, कारण दहाव्या आठवड्यात उजवीकडचा सांधा सरकायला लागला आणि डावीकडचा मागं राहिला, त्यामुळं उघडताना हनुवटी डावीकडं जायची. जी बाजू आखडलेली असते तिकडंच जबडा ओढला जातो. मला ती रेघ बघून रोज कळायचं आज किती सरळ. तेराव्या आठवड्यात पहिल्यांदा दोन्ही बोटांखाली खळगा एकदम पडला तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून बोलवून तिचं बोट माझ्या कानापुढं ठेवलं.

काड्यांचं हे तुमचे सर्जन सांगतील त्याच दिवशी सुरू करायचं हं, माझं वाचून आधी नको. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि कुणाला कधी किती जोर चालतो हे त्यांनाच माहिती असतं.

खाण्याचं विचारलंय म्हणून सांगतो. पहिले दोन आठवडे पातळच. मामा तालमीतला, तो रोज दगडी कुंडीत बदाम घोटून थंडाई करून आणायचा, पैलवान पितात तीच, पण फडक्यातून दोनदा गाळलेली, कारण एक कणसुद्धा टाक्यांत अडकला तर पंचाईत. पांढरा रस्सा गाळून, म्हशीचं दूध, डाळीचं पाणी. सगळं कोमट. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते, खालच्या जबड्यातून जाणारी नस ताणली जाते म्हणून, त्यामुळं गरम लागलं तरी कळत नाही आणि ओठ भाजतो. आईनं हातावर थेंब टाकून बघितल्याशिवाय मला काही दिलं नाही. माझी बधिरता सात-आठ महिन्यांत गेली, हनुवटीच्या डाव्या टोकाला रुपयाएवढी जागा अजून थोडी वेगळी लागते. काहींची जास्त राहते, हे सर्जनना स्पष्ट विचारा.

चावण्याचा जोर तर तोंड उघडण्याच्याही मागून येतो. मला सहा महिन्यांनी तोंड ४० उघडत होतं पण चकली फोडता येत नव्हती. स्नायूंची लांबी, कोन सगळंच बदललेलं, त्यांना नवीन जागेवरून ओढायला शिकावं लागतं. जोर बरोबर यायला दीड वर्ष तरी गेलं, आणि डॉक्टर म्हणाले एक-दोन वर्षं लागतातच.

आणि उलटी फिरणारी चाल? ब्रेसेस निघाल्यावर परत ठिपका काढून व्हिडिओ घेतला. उजवीकडं छान थेंबासारखं वळण. डावीकडं दहातली सहा-सात वळणं बरोबर दिशेनं आणि बाकीची अजून जुन्या वाटेनं. दात बदलले, हाड बदललं, पण मेंदूत बावीस वर्षांची सवय बसलेली, ती सगळ्यांची पूर्ण जातेच असं नाही. मी मुद्दाम डावीकडून चावायचा सराव केला, आता बराच फरक आहे. माझ्या बहिणीच्या मुलीला आठव्या वर्षी एका बाजूची दाढ उलटी बसताना दिसली तेव्हा लगेच टाळू रुंद करायची प्लेट लावून घेतली ती ह्याच कारणानं, लहानपणी सुधारलं तर सवय पक्की व्हायच्या आधीच जबड्याला सरळ वाट मिळते.

बाजूला सरकणं माझं आधी दोन्हीकडं १० होतं, आता उजवीकडं ८, डावीकडं ७. हे परत आलं नाही आणि रोजच्या जगण्यात मला ते जाणवतपण नाही. मोठी जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची सवय लागलीय. ऊस पुढच्या दातांनी अजून सोलत नाही. बोलण्यात पहिले दोन महिने स आणि फ घसरायचे, जिभेला जागा बदललेली असते, ते आपोआप बसलं.

ब्रेसेस निघाले ते जूनच्या शेवटी. त्याच आठवड्यात रंकाळ्यावर पाऊस थांबलेला, गाड्यावरून लिंबू-तिखट लावलेलं कणीस घेतलं आणि कठड्यावर बसून पुढच्या दातांनी सरळ एक ओळ ओरबाडून खाल्ली. दाणे तुटून जिभेवर येतात ती भावना मला माहितीच नव्हती. मी ते अख्खं कणीस एकही शब्द न बोलता खाल्लं.

आता डॉक्टरांकडं जाल तेव्हा हे विचारा. आज तिचं तोंड किती उघडतं, बाजूला किती सरकतं, ते फाईलमध्ये लिहिलंय का. सांध्याची तपासणी झाली का. ऑपरेशननंतर कितव्या दिवशी हलवायला सुरू करायचं आणि फिजिओथेरपी कोण देणार. मी आधी एका ठिकाणी दाखवलेलं तिथं तोंड उघडण्याबद्दल विचारलं तर काही बदल होत नाही, काळजी करू नका, एवढंच उत्तर मिळालं, म्हणून मी दुसरीकडं गेलो. जे डॉक्टर सुरुवातीला तोंड कमी उघडेल आणि नंतर कसं वाढवायचं हे स्वतःहून सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला सोपं गेलं. नंतरच्या काळात आकडा वाढत जाऊन परत कमी व्हायला लागला, पुढचे दात मिटताना टेकेनासे झाले, किंवा कानापुढं दुखून जबडा अडकायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. सांध्याचं टोक झिजण्याचा प्रकार थोड्या लोकांत होतो, तरुण मुलींत जास्त दिसतो, आणि तो खालचा जबडा मोठ्या अंतरानं पुढं आणतात तेव्हा जास्त बघितला जातो. तुमच्या मुलीचा मागं न्यायचाय, तरी लक्ष असू द्या.

आणि आज रात्री जेवण झालं की तिला तोंड पूर्ण उघडायला सांगून साध्या पट्टीनं मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात कंटाळून ती व्यायाम सोडायला लागेल तेव्हा कुठं पोचायचंय ते दाखवायला हाच आकडा लागेल. काही अडलं तर खाली विचारा, काड्या कशा धरायच्या त्याचा फोटो पण टाकतो.